एक कॅरेटचा हट्ट आणि अंगठीतला हिरा

(या भागाचं शब्दांकन. बोलणं जसंच्या तसं ठेवलंय, पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

आज हिऱ्याबद्दल बोलायचंय. साखरपुड्याच्या अंगठीत मधोमध बसतो त्या एका हिऱ्याबद्दल, ज्याला दुकानात सॉलिटेअर म्हणतात.

निमित्त एका श्रोत्याचं आहे. नाव सांगू नका म्हणालाय. नाशिकचा मुलगा, पुण्यात नोकरी, लागून तीन वर्षं झाली. अंगठीसाठी दोन लाख रुपये साठवलेत. हिरा बघायला गेला तेव्हा सोबत होणाऱ्या बायकोची आत्या होती. आत्यांचं म्हणणं, "घ्यायचा तर एक कॅरेटचा घ्या, नाहीतर साधी सोन्याची अंगठी करा. चार लोक बघणार आहेत." दुकानदाराने लगेच एक कॅरेटचा हिरा काढून दाखवला. किंमत दोन लाखांच्या बरीच पुढे, पण वरच्या पैशांचा हप्ता बांधून देतो म्हणाला. या मुलाने त्या हिऱ्याच्या सर्टिफिकेटचा फोटो मला पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "ताई, घेऊ का?"

मी बीकेसीत असॉर्टिंगचं काम करते. म्हणजे दिवसभर चिमट्याने हिरे उचलायचे, दहा पट दाखवणाऱ्या भिंगातून बघायचे आणि प्रतीप्रमाणे वेगळे करायचे. विक्री माझ्याकडे नाही. त्यामुळे अमुक घ्या, तमुक घेऊ नका असं बोलायला मला अडचण नाही.

आधी कॅरेट. हा शब्द सोन्यालाही लागतो आणि हिऱ्यालाही, आणि दोन्हीकडे अर्थ वेगळा. सोन्याचं कॅरेट म्हणजे शुद्धता. हिऱ्याचं कॅरेट म्हणजे वजन, फक्त वजन. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, पाच कॅरेटचा एक ग्रॅम. एका कॅरेटचे शंभर सेंट. बाजारात "तीस सेंटचा", "पन्नास सेंटचा" असं बोलतात, काही जण पॉइंट म्हणतात, एकच ते.

आता मला सांगा, बोटातली अंगठी कुणी वजनकाट्यावर ठेवून बघतं का? लोकांना दिसते ती हिऱ्याची रुंदी. मिलिमीटरमध्ये. नीट पैलू पाडलेला गोल हिरा एक कॅरेटचा असेल तर साधारण साडेसहा मिलिमीटर रुंद असतो. पन्नास सेंटचा असेल तर पाच मिलिमीटरच्या किंचित वर. म्हणजे वजन दुप्पट झालं तरी रुंदी जेमतेम पाव पट वाढली. आणि किंमत? ती दुपटीच्या खूप पुढे जाते. कारण मोठा कच्चा हिरा मिळणं दुर्मीळ, म्हणून हिरा मोठा होत जातो तसा प्रत्येक कॅरेटमागचा भावच चढत जातो. पन्नास सेंटला लागणारा दर एक कॅरेटला लागत नाही.

घरी एक करून बघा. कागदाचे दोन गोल कापा, एक पाच मिलिमीटरचा, एक साडेसहाचा. आधी एक बोटावर ठेवा, मग दुसरा. हात लांब करून बघा. फरक दिसतो, नाही असं मी म्हणत नाही. पण त्या फरकासाठी किती महिने हप्ता भरायची तयारी आहे, हे दुकानात बसून ठरवण्यापेक्षा घरी कागदाच्या गोलावर ठरवलेलं बरं.

आता तो फोटो. कागदावर लिहिलं होतं: वजन १.०० कॅरेट, रंग जे, स्वच्छता एसआय-२. आत्यांनी एवढंच वाचलं, दुकानदाराने एवढंच वाचून दाखवलं. मी त्याच्या वरची ओळ बघितली, जिथे मापं असतात. ६.२० ते ६.२४ गुणिले ४.११ मिलिमीटर. आणि खाली डेप्थ, म्हणजे रुंदीच्या मानाने खोली, ६६ टक्के.

आता बघा काय झालंय. एक कॅरेटचा हिरा साडेसहाच्या आसपास हवा होता, हा ६.२ आहे. चांगला पैलू पाडलेला नव्वद सेंटचा हिरा साधारण एवढाच रुंद असतो. मग वरचे दहा सेंट गेले कुठे? पोटात. हिरा खाली खोल ठेवलाय आणि त्याचा काठ, ज्याला गर्डल म्हणतात, तो जाड ठेवलाय. बोटावर नव्वदचा दिसणार आणि पैसे पुऱ्या कॅरेटचे जाणार.

हे असं कोण करतं आणि का, हे समजून घेतलं की अर्धी खरेदी झाली. जगातल्या दहातले नऊ हिरे आपल्याकडे पैलू पाडून जातात, मुख्यतः सुरतेत. कारागिराच्या हातात कच्चा हिरा येतो तेव्हा त्याच्यापुढे रोज एकच पेच असतो: वजन राखू की चमक राखू? मापात बसवायचा तर हिरा जास्त घासावा लागतो आणि तो ब्याण्णव सेंटवर येतो. थोडा कमी घासला, पोट तसंच ठेवलं, तर तो पूर्ण १.०० भरतो. आणि १.०० भरला की भाव एकदम वरच्या पायरीवर. कारण गिऱ्हाइकाला ब्याण्णव नको असतो, एक हवा असतो. म्हणून कारागिराला दोष देऊ नका. तो आत्यांसाठीच हिरा घडवतोय.

अशा पायऱ्या बाजारात ठरलेल्या आहेत. तीस सेंट, पन्नास, सत्तर, नव्वद, एक कॅरेट. पायरी ओलांडली की भाव उडी मारतो. त्यामुळे वजन राखण्यासाठी पोट वाढवलेले हिरे नेमके पायरीवर जास्त भेटतात, आणि स्वस्तात चांगला हिरा पायरीच्या जरा अलीकडे मिळतो. सत्तेचाळीस सेंट मागा, शहाऐंशी मागा. पन्नास आणि सत्तेचाळीसमधला फरक रुंदीत मिलिमीटरचा दहावा भाग, दोनदहांश फार तर. तो ओळखायला माझ्यासारखीलाही मोजपट्टी लागते.

पोट वाढवल्याने नुसती रुंदी कमी होत नाही. चमकही जाते, आणि ते जास्त वाईट. हिरा चमकतो कसा? वरून आत शिरलेला प्रकाश खालच्या पैलूंवर आपटतो, आतल्या आत वळतो आणि वरून परत बाहेर येतो. खालच्या पैलूंचा कोन चुकला की प्रकाश खालून किंवा बाजूने गळून जातो. फार खोल हिरा मधून काळपट दिसतो. फार उथळ असेल तर काठाशी आतून एक पांढुरकं कडं उमटतं, त्याला बाजारात फिश-आय म्हणतात, माशाचा डोळा. हे कोनांचं गणित मार्सेल टोलकोव्स्कीने १९१९ साली मांडलं, आणि आज गोल हिऱ्याला जे पैलू पाडतात त्याच्या मागे अजून तेच गणित आहे, थोडंफार सुधारून.

त्यामुळे गोल हिऱ्यात सर्टिफिकेटवर 'कट' या शब्दापुढे काय लिहिलंय ते आधी वाचा. एक्सलंट असेल तर पुढे वाचा. व्हेरी गुड असेल तर हिरा डोळ्यांनी बघून ठरवा. त्याच्या खाली असेल तर कागद परत द्या, कितीही स्वस्त असला तरी. डेप्थ ५९ ते साडेबासष्ट टक्क्यांच्या मध्ये असावी, हे ढोबळ. आपल्या मुलाच्या कागदावर कट फेअर होता. एक लक्षात ठेवा, जीआयए ही संस्था कटचा शेरा फक्त गोल हिऱ्याला देते. लांबट ओव्हल, पेअर वगैरे आकारांना देत नाही. ते आकार त्याच वजनात मोठे दिसतात हे खरं, पण तिथे कागद तुम्हाला वाचवणार नाही. ओव्हल बघताना मधोमध बो-टायसारखी काळी सावली पडते का ते बघा. थोडी पडतेच, गडद नको.

आता रंग आणि स्वच्छता. या दोन गोष्टींवर लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात आणि यातलं डोळ्याला सगळ्यात कमी दिसतं.

स्वच्छतेची शिडी अशी: अगदी वर फ्लॉलेस, मग आयएफ, मग व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय, आणि शेवटी आय. व्हीव्हीएसपासून खाली प्रत्येकात एक-दोन, आणि आयमध्ये तीन. हे सगळं दहा पटींच्या भिंगाखाली ठरतं. व्हीव्हीएस-१ आणि व्हीएस-२ शेजारी ठेवून नुसत्या डोळ्यांनी ओळखून दाखवा असं कुणी मला सांगितलं, तर मीही अंदाजच करीन. पैशात मात्र दोघांत चांगलाच फरक.

पण आपल्याकडे इथे आणखी एक अडचण येते. घरातली मोठी माणसं म्हणतात, "डाग असलेला हिरा लाभत नाही." हिरा शुक्राचा, डाग अशुभ, मग ठेवा उशाशी आठ दिवस आणि बघा काय होतंय. मी त्या श्रद्धेशी भांडणार नाही. एवढंच सांगते, की जुन्या सात हिऱ्यांच्या कुड्या मी भिंगाखाली बघितल्यात. आत ढग, भेगा, कोळशाचे कणसुद्धा. त्या कुड्या घालून बायकांनी पन्नास-पन्नास वर्षं संसार केले.

डाग कुठे आहे हे त्याच्या नावापेक्षा महत्त्वाचं. वरच्या सपाट पैलूच्या, म्हणजे टेबलच्या बरोबर खाली काळा कण असेल तर तो सतत दिसणार. तोच कण काठाशी असेल तर अंगठीच्या नखीखाली झाकून जातो. काठापर्यंत आलेली भेग मात्र नको, तिथे ठोका लागला तर टवका उडू शकतो. हिऱ्याला ओरखडा सहज पडत नाही हे खरं, पण घण मारला तरी फुटत नाही हा समज खोटा. हिऱ्याला लाकडासारख्या चिरण्याच्या दिशा असतात. घरी हातोडी घेऊन खात्री करायला जाऊ नका, प्लीज. तर, गोल हिऱ्यात व्हीएस-२, किंवा डोळ्यांना स्वच्छ दिसत असेल तर एसआय-१, एवढं पुरतं. एसआय-२ मध्ये ढग जास्त असतील तर पूर्ण हिराच धुरकट दिसतो, तिथे जपून. पन्ना-कट, म्हणजे चौकोनी आणि पायऱ्यापायऱ्यांचे पैलू असलेला हिरा, त्यात आतलं सगळं काचेच्या खिडकीसारखं दिसतं. तो घ्यायचा तर स्वच्छतेत एखादी पायरी वर जा.

रंग डीपासून झेडपर्यंत. डी बिनरंगी, पुढे पिवळसरपणा वाढत जातो. प्रयोगशाळेत हिरा उलटा ठेवून, नमुन्याच्या हिऱ्यांशेजारी ठेवून रंग ठरवतात. अंगठीत तो सुलटा असतो आणि शेजारी नमुना नसतो. प्लॅटिनम किंवा पांढऱ्या सोन्यात जी-एच घ्या. पिवळ्या सोन्यात तर आय-जेही छान दिसतो, कारण सोन्याचा पिवळा उजेड डी रंगाच्या हिऱ्यातही उतरतोच. पिवळ्या सोन्यात डी रंगाचा हिरा बसवणं म्हणजे केशरी दुधात घालायला शुभ्र साखर शोधत फिरणं.

अजून एक. दुकानात सांगतात, "आमचे सगळे ईएफ-व्हीव्हीएस." हे बहुतेक वेळा अंगठीच्या कडेने लावलेल्या एक-दोन सेंटच्या बारीक हिऱ्यांबद्दल असतं. एवढ्या बारीक खड्यात व्हीव्हीएस आणि व्हीएस कुणालाही दिसत नाही. तिथे विचारा, त्याच डिझाइनमध्ये जीएच-व्हीएसचे लावले तर किती कमी होतील? आकडा ऐकून बसल्या जागी थोडे सरसावाल.

दुकानातले दिवे हा वेगळाच विषय. काउंटरवर बारीक, प्रखर दिव्यांचे झोत असतात. त्या उजेडात बाटलीची काचसुद्धा चमकेल. हिरा घ्या आणि दाराशी जा, उन्हात नको, सावलीतल्या साध्या उजेडात. मग ट्यूबलाइटखाली बघा. जो हिरा साध्या उजेडातही जिवंत दिसतो तो चांगल्या कटचा. सुटा हिरा पांढऱ्या कागदाच्या घडीत ठेवून बघायला मागा. आणि मोबाइलमधले ते चाळीस पटींचे फिरते व्हिडिओ बघून डागाला घाबरू नका, एवढ्या जवळून तर आपला चेहराही बघवत नाही.

लॅब-ग्रोन. मला माहितेय, निम्मे लोक याचीच वाट बघत होते. तो खरा हिरा आहे का? हो, कार्बनच, जमिनीऐवजी यंत्रात वाढवलेला. नुसत्या डोळ्यांनी मलाही ओळखता येत नाही, आणि दुकानातला पेनासारखा टेस्टरही दोघांना हिराच म्हणतो. वेगळं ओळखायला प्रयोगशाळेतली यंत्रं लागतात. २०२३ मध्ये पंतप्रधानांनी जिल बायडन यांना साडेसात कॅरेटचा हिरा भेट दिला, तो लॅब-ग्रोनच होता. फरक आहे भावाचा. गेल्या काही वर्षांत लॅब-ग्रोनचे भाव कोसळत आलेत, कारण यंत्रं वाढवली की हिरे वाढतात. जीआयएने २०२५ पासून त्यांना डी, ई, एफ वगैरे अक्षरी शेरे देणं बंद करून नुसत्या दोन प्रती ठेवल्या, प्रीमियम आणि स्टँडर्ड. नुसतं घालायला, हौसेला, मोठा हिरा हवा असेल तर लॅब-ग्रोन घ्या, लाजायचं काही कारण नाही. फक्त दोन्ही घरांना सांगून घ्या. लग्नानंतर कुणीतरी सराफाकडे नेऊन विचारल्यावर कळलं तर त्या संध्याकाळचं जेवण कठीण जातं.

पण "पुढे विकता येईल" म्हणून घ्यायचा असेल तर कुठलाच हिरा घेऊ नका. खाणीतलाही नाही. सोन्याचा भाव रोज पेपरात येतो, वितळवलं की पैसे. हिऱ्याचं तसं नाही. विकायला गेलात की दुकानदार आपल्या बायबॅकच्या अटी काढतो, त्यात कापून काय मिळेल ते आधीच लेखी घ्या. हिरा आणि साखरपुडा यांचं नातंही फार जुनं नाही हो. हिरा कायम टिकतो, हे वाक्य डी बिअर्सच्या जाहिरातीसाठी १९४७ साली फिलाडेल्फियामधल्या जाहिरात एजन्सीतल्या फ्रान्सिस गेरेटी या बाईंनी लिहिलं. दोन महिन्यांचा पगार अंगठीवर घालावा, हा नियमही तिकडच्या जाहिरातींतूनच आलेला. आपल्या आजी-आजोबांना कुणी असलं सांगितलं नव्हतं.

कागदपत्रांचं पटापट सांगते. सुट्या हिऱ्याचं सर्टिफिकेट घ्या, जीआयए किंवा आयजीआयचं. हिरा बसवल्यानंतर केलेल्या दागिन्याच्या कार्डावर प्रत अंदाजे असते, कारण बसवलेला हिरा पूर्ण तपासता येत नाही. सर्टिफिकेटचा नंबर संस्थेच्या वेबसाइटवर टाकून बघा. बहुतेक वेळा तोच नंबर हिऱ्याच्या काठावर लेझरने कोरलेला असतो, भिंग मागून वाचा. अंगठी बनून आल्यावर पुन्हा वाचा. सोन्यावर बीआयएसचा हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हवा, १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर अ‍ॅपवर तो टाकून बघता येतो. मात्र हॉलमार्क सोन्याचा असतो, हिऱ्याचा नाही, हे बरेच जण विसरतात. बिलात हिऱ्याचं वजन, सोन्याचं निव्वळ वजन, घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी वेगवेगळे लिहून घ्या. हिऱ्याचं वजन सोन्याच्या भावात मोजलं गेलं नाही ना, तेही बघा.

तर त्या मुलाला मी काय सांगितलं? हा हिरा नको. सत्तर सेंटच्या आत-बाहेर बघ, कट एक्सलंट, रंग एच किंवा आय, व्हीएस-२ किंवा स्वतः बघून एसआय-१, पिवळ्या सोन्यात, बारीक पट्टीच्या अंगठीवर. पट्टी बारीक असली की हिरा मोठा दिसतो. रुंदी ५.७ मिलिमीटरच्या आसपास मिळेल. म्हणजे त्या एक कॅरेटवाल्यापेक्षा अर्धा मिलिमीटर कमी, हे मी लपवलं नाही. आणि दोन लाखांत जे बसेल तेच. सत्तर बसत नसेल तर साठ. हप्ता नको.

त्याचा पुढचा मेसेज आला, "पण आत्यांना कसं सांगू?" सांगू नकोस म्हटलं. दोन्ही हिरे मागून घे, वजन न सांगता कागदावर शेजारी ठेव, आत्यांना दाराशी उजेडात ने आणि त्यांनाच विचार, कुठला छान दिसतो. बायकांची नजर पक्की असते, फक्त कॅरेटचा आकडा कानावर पडायला नको. आणि ज्या मुलीच्या बोटात ती जाणार आहे तिलाही ने बाबा, एवढ्या चर्चेत तिचा शब्द मला कुठेच दिसला नाही. रविवारी जाणार आहेत तिघं. काय झालं ते कळलं की सांगते.

अंगठी घेतलीत की दोन गोष्टी. हिऱ्याला तेलाचं भारी वेड. खाणीतसुद्धा ग्रीस लावलेल्या टेबलांवर चिकटवूनच हिरे खडीतून वेगळे काढायची पद्धत होती. कणीक मळली, डोक्याला तेल लावलं, की खालच्या बाजूने थर बसतो आणि आठवड्यात तुमचा एक्सलंट कट विझतो. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा थेंब, मऊ जुना टूथब्रश, खालून घासा. सिंकमध्ये नाही, वाटीत. आणि वर्षातून एकदा नख्या तपासून घ्या. नखी स्वेटरला किंवा ओढणीला अडकायला लागली तर ती उचलली गेली आहे, त्याच दिवशी सराफाकडे जा.

बोटाचं माप संध्याकाळी घ्यायचं, सकाळी बोटं बारीक असतात. चला, पुढच्या गुरुवारी मोत्यांवर बोलू, प्रश्न पाठवा.